‘कमी अन्नाची सवय’ नावाचे थोतांड

पावसाचा जोर ओसरू लागला की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून बालमृत्यूंच्या बातम्या खाली पालघरला पोचू लागतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मुंबईत दोन प्रकारचे विद्वान बोलू लागतात. पहिल्या प्रकारचे विद्वान सांगतात की आदिवासी मातांना आहाराचे ज्ञान नाही. त्यांना चौरस आहाराची चित्रे दाखवा, म्हणजे प्रश्न सुटेल. दुसऱ्या प्रकारचे विद्वान अधिक सावध आणि म्हणूनच अधिक घातक असतात. त्यांचे म्हणणे असे की पिढ्यान्‌पिढ्या कमी अन्नावर जगत आलेल्या माणसाच्या शरीराला कमी अन्नाची सवय होते. त्याची चण लहान, गरजही लहान. तेव्हा सुखवस्तू माणसाचे माप त्याला लावून उपासमारीचा बाऊ करण्यात अर्थ नाही. पहिले मत नुसते अडाणीपणाचे आहे. दुसऱ्याला शास्त्राचा मुलामा आहे, म्हणून त्याचा समाचार आधी घेतला पाहिजे.

अन्न हे शरीराचे इंधन होय, हे वाक्य आता शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण ते अलंकारिक वाक्य नाही, शब्दशः खरे आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने गिनीपिग हा प्राणी बर्फाच्या भांड्यात ठेवून त्याच्या शरीरातून किती उष्णता निघते आणि श्वासावाटे किती वायू बाहेर पडतो, हे मोजले. कोळसा जळताना जे घडते तेच प्राण्याच्या देहात मंदपणे घडत असते, हे त्याने दाखवून दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत ॲटवॉटर याने अन्नघटकांचे मोल ठरवले. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा एक ग्रॅम प्रथिन यांपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, आणि एक ग्रॅम तेला-तुपापासून ९. हा उष्मांक म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास लागणारी उष्णता.

ज्या जिल्ह्यात तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून वीज देत आली आहे, त्या जिल्ह्यातील वाचकांना हे माप विजेच्या भाषेत सांगितलेले बरे. विजेच्या एका युनिटात सुमारे ८६० उष्मांक असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला ३४७० उष्मांक लागतात. म्हणजे जेमतेम चार युनिटे. एवढ्यात माणसाचे हृदय, मेंदू, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे चालतात, देहाची ऊब टिकते आणि वर दिवसभराची मजुरीही होते. जगातील कोणत्याही कारखानदाराला इतके स्वस्त यंत्र मिळालेले नाही. तरीही या यंत्राला चार युनिटे देण्यावरून शतकभर घासाघीस चालली आहे. तारापूरच्या अभियंत्यांना कोणी असे सांगू धजत नाही, की भट्टीला हळूहळू कमी इंधनाची सवय लावा, वीज मात्र पूर्वीइतकीच काढा.

या चार युनिटांचा खर्च कसा होतो तेही पाहिले पाहिजे. पन्नास किलो वजनाचे प्रौढ माणूस काहीही न करता नुसते पडून राहिले तरी त्याला दिवसाला सुमारे १२०० ते १३०० उष्मांक लागतात. हा शरीराचा स्थायी खर्च. तो भागल्यावर जे उरते त्यातून काम निघते, आणि स्नायूंची यंत्रणा अशी आहे की त्यांना पुरवलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा प्रत्यक्ष कामाच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीची घामाच्या वाटेने उष्णता होऊन जाते. भाताचे वा भाकरीचे पीठूळ सत्त्व आतड्यात साखरेत रूपांतरित होते, रक्तातून यकृताकडे जाते, आणि गरजेपुरते वापरून उरलेले यकृतात व स्नायूंत साठवले जाते. चांगल्या खात्यापित्या माणसाच्या अंगी हा साठा सुमारे अर्धा किलो असतो. तो दिवसभराच्या श्रमाला कसाबसा पुरतो. साठा संपला की शरीर चरबीकडे वळते. चरबी नसेल, किंवा असून अपुरी असेल, तर मेंदूला लागणारी साखर पुरवण्यासाठी यकृत स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. घराला आग पुरवण्यासाठी घराचेच वासे चुलीत घालावेत, तसा हा प्रकार आहे. कष्टकऱ्याच्या दंडावर मांस नाही याचे कारण इतके साधे आहे: ते त्याने आधीच जाळून टाकलेले असते.

आता ‘सवयी’च्या सिद्धान्ताकडे वळू. त्याचा उगम कुठल्या बाजारगप्पांत नाही. तो महाराष्ट्रातल्याच दोन थोर संशोधकांच्या वादात आहे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हे आपले प्रकरण देशापुढे मांडले. माणशी रोज २२५० उष्मांक मिळवून देणारा किमान खर्च हे माप धरून त्यांनी ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक या किमान पातळीच्या खाली आहेत, असा निष्कर्ष काढला. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले, रोमच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की एकाच माणसाची ऊर्जेची गरज स्थिर नसते. ती दर आठवड्यास वरखाली होते, आणि एका मर्यादेपर्यंत शरीर आपला कारभार स्वतः नियमित करते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी मानता येत नाही. त्या मर्यादेच्याही खाली असलेलेच खरे अपोषित. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर १९८० नंतरच्या वर्षांत हा वाद चांगलाच रंगला. सुखात्म्यांच्या मापाने भुकेल्यांची संख्या झपाट्याने खाली येत होती, हे सांगायला नकोच.

सुखात्मे गरिबांचे वैरी नव्हते, हे आवर्जून नोंदले पाहिजे. प्रथिनांच्या तुटवड्याचा जो मोठा डांगोरा त्या काळी पिटला जात होता आणि ज्याच्या आडून परदेशी पिठांचे व पुड्यांचे दुकान मांडले जात होते, तो फोल असल्याचे त्यांनी हिरिरीने सांगितले. माणसाला पोटभर धान्य-डाळ मिळाली तर बहुधा प्रथिनेही पुरेशी मिळतात; आणि पोटभर मिळाले नाही, तर दिलेली प्रथिनेदेखील शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. मुख्य तुटवडा भाकरीचा आहे, हा त्यांचा मुद्दा आजही खणखणीत आहे. शुद्ध पाण्यावाचून आणि स्वच्छतेवाचून खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, हेही त्यांनी कळकळीने मांडले. परंतु त्यांच्या सांख्यिकीच्या आधाराने पुढे जे मनोरे उभे राहिले त्यांची जबाबदारी कोणावर तरी येतेच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सेकलर याने ‘लहान पण निरोगी’ असे एक बिरूदच शोधून काढले: तिसऱ्या जगातील खुरटलेली मुले आजारी नव्हेत, ती परिस्थितीशी जुळवून घेतलेली आहेत! भारतीय पोषणशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सी. गोपालन यांनी या मताचा कडाडून प्रतिवाद केला. तो करणे भागच होते, कारण ज्या सरकारला खर्च टाळायचा असतो त्याला याहून सोयीचे शास्त्र सापडणे कठीण.

शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, हे खरेच आहे. प्रश्न असा की ते कशाच्या किंमतीवर घेते. याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. ते मोजून ठेवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या पर्वात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेले स्वयंसेवक होते. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १५७० उष्मांकांचे अन्न देण्यात आले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. स्थायी खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. नाडीचे ठोके मिनिटाला ५५ वरून ३५ च्या आसपास आले. ‘जुळवून घेणे’ म्हणतात ते हेच. पण त्याच वेळी ते तरुण ऐन उन्हाळ्यात थंडीने कुडकुडत, जिना चढताना थांबत, कोणत्याच गोष्टीत त्यांचे मन लागेना, रात्रंदिवस अन्नावाचून दुसरा विचार सुचेना. शरीराने खर्च कमी केला होता तो असा, की जगण्यातले जे जे गाळता येईल ते ते गाळले होते.

चोवीस आठवड्यांनी त्या तरुणांचा प्रयोग संपला आणि त्यांना पुन्हा जेवू घालण्यात आले. दिवाळीनंतर मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा या तालुक्यांतून वसई, भिवंडी व वैतरणेच्या खाडीकाठच्या वीटभट्ट्यांवर उतरणारी कातकरी-वारली कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे त्याहूनही अधिक आठवडे, तेथे राबतात. आणि त्यांचा प्रयोग पुढल्या दिवाळीला पुन्हा सुरू होतो. विटांचा दर हजारावर ठरतो. एक कच्ची वीट सुमारे तीन किलोची धरली, तरी हजार विटा म्हणजे तीन टन चिखल कालवणे, साच्यात भरणे, वाहणे आणि रचणे. ‘लहान शरीराला लहान गरज’ म्हणणाऱ्यांनी येथे उत्तर द्यावे: वाहणारा माणूस लहान झाला म्हणून वीट लहान होते काय? स्थायी खर्चात पन्नास-शंभर उष्मांकांची बचत होते, हे मान्य. पण तीन टन चिखलाचे ओझे तेवढेच राहते, आणि ते लहान स्नायूंनी उचलायचे असते. मग हजाराचे आठशे होतात, मजुरी त्या मानाने उतरते, आणि उतरलेल्या मजुरीतून आणखी कमी धान्य येते. दुकानात उधारी वाढावी तशी ही साखळी वाढत जाते. सरासरीभोवती आठवड्याआठवड्याला होणारा चढउतार, ज्यावर सुखात्म्यांचा सिद्धान्त उभा आहे, तो त्या माणसाचा, ज्याला पुढच्या आठवड्यात जास्त जेवता येते. भट्टीवरच्या माणसाच्या वहीत फक्त उतारच आहे.

त्यातही बाईचा हिशेब स्वतंत्र मांडला पाहिजे, कारण तो कोणी मांडत नाही. कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला, त्याच २०२० च्या शिफारशींनुसार, २७२० उष्मांक लागतात. अंगावर पिणारे सहा महिन्यांच्या आतले मूल असेल तर आणखी ६००. म्हणजे ३३२०; पुरुष मजुराच्या जवळजवळ बरोबरीने. पण भट्टीवर मजुरी जोडप्याला मिळून मिळते, जेवणात तिची पाळी शेवटची असते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी आहे. लोह कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे रक्त कमी. आणि चुलीत लाकूड असूनही वारा नसेल तर ते जसे धुमसते, तसे तिच्या पोटातले अन्नदेखील धुमसतच राहते. तिला दमणूक येते ती आळसाने नव्हे.

दारिद्र्याची सरकारी रेषा या सगळ्यात कोठे उभी आहे? १९७९ साली नियोजन मंडळाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी माणशी २४०० व शहरी भागासाठी २१०० उष्मांक हे माप घातले. २००९ साली तेंडुलकर समितीने उष्मांकांचे मापच सोडून दिले, आणि आपल्या नव्या रेषेच्या समर्थनार्थ १८०० च्या जवळपासच्या एका आंतरराष्ट्रीय आकड्याकडे बोट दाखवले. हे आकडे आबालवृद्धांच्या सरासरीचे आहेत, हे खरे. परंतु २४०० चा आकडाही सरासरीचाच होता. त्या रेषेप्रमाणे २०११-१२ साली खेड्यातील माणूस महिन्याला ८१६ रुपये खर्च करू शकला की तो गरीब राहत नव्हता. दिवसाला सत्तावीस रुपये! २०१४ साली रंगराजन समितीने पुन्हा उष्मांकांकडे वळून ग्रामीण भागासाठी २१५५ हे माप सुचवले. त्या अहवालावर सरकारी शिक्कामोर्तब झाले नाही. म्हणजे ज्यांनी शरीराला कमी अन्नाची सवय होते असे सांगितले त्यांच्यापेक्षा सरकार पुढे गेले: त्याने कागदालाच कमी अन्नाची सवय लावली.

राहता राहिला आहारविषयक अज्ञानाचा आरोप. नाचणी, वरई, उडीद, तूर हे धान्य ज्यांनी डोंगरउतारावर शतकानुशतके पिकवले, पहिल्या पावसानंतर शेवळे, पुढे टाकळा, कुर्डू, अनेक जातींचे कंद, ओढ्यातले खेकडे व मासे कोणत्या दिवसांत खावेत आणि कडू कंद कसा उकळून, धुऊन निर्विष करावा, हे ज्यांना पाठ आहे, त्यांना आहाराचे ज्ञान शिकवायला मुंबईहून चित्रांचे तक्ते जातात! त्यांचे ज्ञान गेले नाही. ज्ञान लागू करण्याचे क्षेत्र गेले. जंगल वनखात्याच्या ताब्यात गेले, जमीन सावकार-जमीनदाराच्या, आणि नदीचे पाणी मुंबईच्या. मोडकसागर १९५७ चे, अप्पर वैतरणा १९७३ चे, आणि मध्य वैतरणा तर २०१४ चे, खुद्द मोखाडा तालुक्यात बांधलेले. त्याच मोखाड्यात चैत्र-वैशाखात टँकर फिरतात. पुराणातली वैतरणी मेल्यावर ओलांडायची असते; या वैतरणेच्या काठच्या माणसांना ती जिवंतपणीच ओलांडावी लागते.

लहान मुलाच्या पेजेचाच दाखला घ्या, कारण तक्तेवाल्यांना तो फार आवडतो. वर्ष ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे १००० उष्मांक लागतात. घरात धान्य बेताचे असले की पेज पातळ होते, आणि शंभर ग्रॅम पातळ पेजेत चाळीस-पन्नासच उष्मांक असतात. म्हणजे त्या मुलाने दिवसाला दोन किलोंहून अधिक पेज प्यायला हवी. त्याचे पोट वाटीएवढे. उपाय दोनच आहेत: पेजेत तेल घाला, कारण एका चमच्यातून ४५ उष्मांक मिळतात, किंवा मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा भरवा. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याला वेळ. पहाटे चिखलात उतरणाऱ्या आईजवळ यांपैकी काय आहे, हे तक्त्यावर छापलेले नसते. मूल मग काय करते? ते आधी वाढणे थांबवते, मग खेळणे थांबवते, मग रोगाशी लढणे थांबवते. लहान मुलाच्या शरीराच्या स्थायी खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. तुटवडा तेथपर्यंत पोचतो. अखेरीस मूल जाते ते न्यूमोनियाने किंवा जुलाबाने, आणि कागदावर तेच कारण पडते. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला, तेव्हाही भूक हे कारण मान्य करण्याची सरकारची तयारी नव्हती. २०१६ साली मोखाड्याच्या बातम्या आल्या तेव्हा जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षे झाली होती. कारणांचा रकाना तोच होता.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची. गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळ पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ ची. ती योग्य दिशेची आहे, कारण ती उपदेश करत नाही, जेवण देते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. पण या कायद्याचे गणित एकदा बोटांवर मोजून पाहावे. माणशी महिन्याला पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम; त्यातून मिळतात सुमारे ५७५ उष्मांक. विटा वाहणाऱ्या बाईच्या गरजेचा हा पाचवा हिस्सा झाला. तेल नाही, डाळ नाही. अंत्योदयाचे पस्तीस किलो कुटुंबाला मिळतात, पण कुटुंब मोठे असले की तेही याच पातळीवर येतात. शिवाय कार्ड मोखाड्यात आणि पोट वैतरणेच्या काठी. मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर आणि मूल भट्टीवरच्या पालाच्या झोळीत. कार्ड कोठेही चालेल, असा नियम झाला आहे. तो भट्टीपर्यंत नेण्याचे काम नियम स्वतः करत नाही.

या भागातील चळवळीला हा हिशेब नवा नाही, फक्त तिने तो उष्मांकांच्या भाषेत मांडला नव्हता. पावसाळ्यात खाण्यापुरते भात उचलायचे आणि सुगीला ते दीडपट-दुपटीने फेडायचे, या खावटीच्या फासात वारली पिढ्यान्‌पिढ्या अडकला होता. फेड झाली नाही की वेठ. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली तो उठला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यास गोळीबार झाला, जेठ्या गांगड पडला. तरी पुढल्या वर्षी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये, या मागणीवर संप झालाच. एका ठरावीक श्रमाला ठरावीक मोबदला, म्हणजेच खर्च झालेल्या ऊर्जेची भरपाई, हाच त्या मागणीचा गाभा होता. १९७० च्या भूमिमुक्ती आंदोलनातून पालघर तालुक्यात उभ्या राहिलेल्या काळूराम धोदडे यांच्या भूमिसेनेनेही जमिनीच्या प्रश्नापासून आरंभ केला. सरकारने १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज दिले. म्हणजे भूक मान्य केली, पण ती कर्जाच्या खात्यावर मांडली.

भट्टीवर अजूनही उचल आणि खर्ची यांचेच राज्य आहे. हंगामाआधी उचल द्यायची, आठवड्याला खर्ची टाकायची आणि हिशेब शेवटी. खर्ची किती असावी, हे मालक ठरवतो, आणि कुटुंब त्या आठवड्यात काय खाणार हे खर्ची ठरवते. म्हणजे जोडप्याच्या रोजच्या सहा हजारांहून अधिक उष्मांकांपैकी किती द्यायचे, याचा निर्णय भट्टीच्या गल्ल्यावर होतो. कोणत्याही पोषण मोहिमेच्या कचेरीत होत नाही. कार्यकर्त्यांनी आहारावर व्याख्याने देण्याआधी ही खर्ची तपासावी. प्रत्येक भट्टीवर हजारी विटांचा दर, त्या दराने आठवड्यास पडणारी मजुरी आणि प्रत्यक्ष हाती आलेली खर्ची, या तीन आकड्यांची वही मजुराच्या स्वतःच्या हातात असली पाहिजे. खर्ची किमान इतकी हवी, की तिच्यातून धान्याबरोबर डाळ आणि तेल येईल. रेशनचे धान्य भट्टीच्या जवळच्या दुकानातून, त्याच कार्डावर मिळते की नाही, हे प्रत्यक्ष रांगेत उभे राहून पाहावे लागेल. हंगामापुरती अंगणवाडी भट्ट्यांच्या समूहाजवळ चालवावी, तेथे मुलांचे व मातांचे वजन दर महिन्याला व्हावे, आणि घटलेल्या वजनाची नोंद तहसील कचेरीत मजुरीच्या तक्रारीइतक्याच गांभीर्याने दाखल व्हावी.

उचल दसरा-दिवाळीच्या सुमारास वाटली जाते. वाटपाआधी पाड्यांवर बैठका झाल्या, तर दराचे आणि खर्चीचे बोलणे मुकादमाशी उभ्यानेच करता येते. एकदा कुटुंब ट्रकमध्ये चढले, की ते बोलणे पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहते.